पणजी पायी आणि बसने: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

गोव्याला जाणाऱ्या बहुतेक मराठी मंडळींना पणजी दिसते ती गाडीच्या खिडकीतून. कुणी म्हापशालाच उतरून कळंगुट-बागा गाठतं, कुणी मांडवीचा पूल उतरून तसंच मडगावकडे निघून जातं. नदीतल्या कॅसिनोच्या बोटी आणि टेकडीवरचं पांढरं चर्च एवढीच त्यांची पणजी. याचं मला मनापासून वाईट वाटतं. पायी फिरायला इतकी सोयीची राजधानी मला दुसरी माहीत नाही, आणि एक-दोन दिवस राहिल्याशिवाय ती कळत नाही. म्हणून हा लेख: स्वतःची गाडी न घेता पणजीत कसं यायचं, कसं फिरायचं आणि आजूबाजूला कसं जायचं.

आधी दिशा लक्षात घ्या

मोबाइलचा नकाशा उघडण्याआधी एवढं करा. मांडवी नदी शहराच्या उत्तरेला आहे. नदीकडे तोंड करून उभे राहिलात की उजव्या हाताला पूल, पाटो आणि कदंबचं, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेचं, बसस्थानक. डाव्या हाताला कांपाल आणि पुढे मिरामार, जिथे नदी समुद्राला मिळते. पाठीमागे आल्तिनोची टेकडी. शहराचा जुना भाग या नदीच्या आणि टेकडीच्या मधल्या पट्टीत बसलेला आहे. कुठेही चुकलात तर उताराच्या दिशेने चालत राहा, बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत नदी नाही तर ओरेंची खाडी लागते. खाडी लागली तर तुम्ही फोंतेनहास आणि मळा या जुन्या वस्त्यांच्या बाजूला आहात, म्हणजे बसस्थानक खाडीच्या पलीकडे.

तीन रस्ते ओळखीचे झाले की पुरे. नदीकाठचा दयानंद बांदोडकर मार्ग, त्याला समांतर आतला महात्मा गांधी रस्ता, आणि चर्चच्या बाजूने सांतिनेजकडे जाणारा १८ जून रस्ता. १८ जून १९४६ रोजी राममनोहर लोहियांनी मडगावात सभा घेऊन पोर्तुगीज राजवटीला आव्हान दिलं, त्या दिवसाचं नाव या रस्त्याला आहे. काजू, कपडे, औषधं, खाणावळी, सगळं याच रस्त्यावर.

पोहोचायचं कसं

एसटीने, कदंबने किंवा ट्रॅव्हल्सने आलात तर काहीच अडचण नाही. गाडी पाटोला कदंब स्थानकात किंवा त्याच्या शेजारी थांबते आणि तिथून शहर चालत पंधरा-वीस मिनिटांवर.

रेल्वेचं थोडं समजून घ्यावं लागतं. पणजी शहरात स्टेशन नाही. सर्वांत जवळचं करमळी, साधारण बारा किलोमीटर. कोकणकन्या आणि मांडवी या दोन्ही गाड्या करमळीला थांबतात, तरी मराठी प्रवासी सवयीने मडगावचं तिकीट काढतात आणि मग तीस-पस्तीस किलोमीटर उलटे येतात. पणजीला राहायचं असेल तर करमळीचंच तिकीट काढा. स्टेशनबाहेर टॅक्सी असतात. सामान कमी असेल तर रिक्षा किंवा पायलट (म्हणजे भाड्याची मोटरसायकल, तिच्याबद्दल पुढे) करून जुन्या गोव्याच्या मुख्य रस्त्यापर्यंत यायचं, तिथून पणजीची बस सतत असते. जी गाडी करमळीला थांबत नाही, तिच्यासाठी थिवी पाहा. थिवीहून म्हापसा आणि म्हापशाहून पणजी, असा दोन बसचा प्रवास होतो. मडगावलाच उतरावं लागलं तर स्टेशनवरून आधी तिथलं कदंब स्थानक गाठायचं आणि पणजीची विनाथांबा बस धरायची.

विमानाने येणाऱ्यांनी तिकीट काढताना विमानतळाचं नाव नीट वाचावं. दाबोळी दक्षिणेला आहे, मोपा उत्तरेला पेडणे तालुक्यात. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि तेव्हापासून घाईत बुकिंग करणाऱ्यांची चुकामूक होते. दोन्हीकडून पणजीला कदंबच्या बस आहेत. त्या टॅक्सीच्या मानाने फारच स्वस्त पडतात, म्हणून बाहेर पडल्यावर टॅक्सीच्या रांगेत उभं राहण्याआधी बसची चौकशी करा.

मुक्काम कुठे

हॉटेलच्या नावापुढे 'पणजी' लिहिलं म्हणून ते पणजीत असतंच असं नाही. पर्वरी नदीपलीकडे आहे, बांबोळी टेकडीवर महामार्गालगत आहे, दोनापावला सात-आठ किलोमीटर लांब आहे. जागा वाईट नाहीत, पण तिथे राहिलात की चालत फिरण्याचा सगळा बेत बारगळतो. चर्च चौक, फोंतेनहास, सां तोमे, मळा, १८ जून रस्ता, सांतिनेज, यांपैकी कुठे तरी खोली घ्या. बुकिंग करताना 'चर्चपासून चालत किती वेळ' एवढा एकच प्रश्न विचारा.

कदंब स्थानक: इथे तासभर लक्ष द्या

पणजीतून बाहेर कुठेही जायचं असेल तर हे स्थानक कळायला हवं. इथे दोन प्रकारच्या बस आहेत आणि त्यांचे रिवाज वेगळे आहेत.

पहिली कदंबची विनाथांबा बस. म्हापसा, मडगाव, वास्को या गावांना ती जाते. तिच्यासाठी खिडकीवर तिकीट काढायचं, रांगेत उभं राहायचं आणि बसायला जागा असेल तेवढ्यांनीच चढायचं. उभं राहून कुणी जात नाही. बस भरली की निघते, मध्ये कुठेही थांबत नाही. रांग लांब दिसली तरी घाबरू नका, भराभर पुढे सरकते.

दुसरी खासगी बस. हिच्याकडे थोडं जवळून पाहण्यासारखं आहे. ड्रायव्हरच्या समोर काचेवर ताज्या फुलांचा हार, त्यामागे गणपती, नाही तर सायबिणीची, म्हणजे मेरी मातेची, तसबीर. कंडक्टर दारात लोंबकळत 'पणजे पणजे' किंवा 'म्हापशें म्हापशें' ओरडतो. नोटा उभ्या घडी घालून बोटांच्या बेचक्यात धरलेल्या. गर्दी झाली की 'फुडें वच, फुडें वच' म्हणून सगळ्यांना मागे-पुढे सरकवतो, आणि बस थांबवायला शीळ घालतो. पैसे तो बसमध्ये येऊनच घेतो. सुटे पैसे हातात ठेवा, मोठी नोट पुढे केली की त्याचा खोळंबा होतो. उतरायचं ठिकाण चढतानाच सांगून ठेवा, म्हणजे तो आठवणीने उतरवतो. ही बस प्रत्येक थांब्यावर उभी राहते, म्हणून घाईत असाल तर घेऊ नका. घाई नसेल तर मात्र गोव्यातली गावं या बसच्या खिडकीतून जितकी दिसतात तितकी कशातूनच दिसत नाहीत.

शहरातल्या शहरात मिरामार, दोनापावला अशा बाजूंना कदंबच्या विजेवरच्या बस धावतात. रात्री आठनंतर सगळ्याच बस विरळ होत जातात आणि रविवारी दिवसाही कमी असतात. संध्याकाळी लांब जाणार असाल तर परतीची शेवटची बस किती वाजता आहे हे जाताना स्थानकावरच विचारून घ्या.

भाषेची चिंता करू नका. बोलणं कोकणीत चालत असलं तरी मराठी बहुतेकांना कळते, मराठी वर्तमानपत्रं घरोघरी येतात. वडीलधाऱ्या माणसाला 'बाब' म्हणून हाक मारली की रस्ता सांगताना तो चार पावलं बरोबर चालत येतो.

पहिल्या सकाळची फेरी

सकाळी साडेसात-आठला निघा. ऊन चढायच्या आत जुनी पणजी पाहून होते.

सुरुवात भाजी-पावाने करा. चर्च चौकाच्या आणि महात्मा गांधी रस्त्याच्या आसपास जुने कॅफे आहेत, तिथे सकाळी कचेरीत जाणाऱ्यांची गर्दी असते. टेबल रिकामं मिळालं नाही तर जिथे एक खुर्ची मोकळी असेल तिथे विचारून बसायचं, कुणी हरकत घेत नाही. पातळ भाजी, सुकी बटाट्याची भाजी, चण्याची किंवा अळसांद्यांची (चवळीसारख्या कडधान्याची) भाजी असे प्रकार असतात. दोन भाज्या एकत्र हव्या असतील तर 'मिक्स' म्हणायचं. बरोबर पाव, बन्स किंवा पुरी आणि एक मिरची भजं. बन्स म्हणजे पिकलं केळं घातलेली फुगीर, किंचित गोड पुरी. ती तिखट भाजीबरोबर खाऊन पाहाच.

तिथून चर्चच्या पायऱ्यांशी या. अवर लेडी ऑफ द इमॅक्युलेट कन्सेप्शन हे चर्च आजच्या रूपात १६१९ मधलं. त्याच्या मनोऱ्यातली मोठी घंटा जुन्या गोव्यातल्या पडझड झालेल्या ऑगस्टिनियन मठातून आणलेली आहे. नागमोडी पायऱ्या चढून वर गेलात की पायाखाली बाग, चौक आणि पलीकडे नदी एका नजरेत येते. इथे थांबून वर सांगितलेल्या दिशा एकदा ताडून पाहा, पुढचे दोन दिवस सोपे जातील.

खाली उतरून नदीकडे चाला. काठावर जुनं सचिवालय आहे, मूळचा आदिलशहाचा वाडा. त्याच्या शेजारी आबे फारियाचा पुतळा. खाली कोसळणाऱ्या बाईवर दोन्ही हात पसरून उभा असलेला हा झगा घातलेला माणूस पाहून नवखे चक्रावतात. फारिया कांदोळीत १७५६ साली जन्मलेले पाद्री. पॅरिसमध्ये त्यांनी संमोहनाचे प्रयोग केले आणि ही शक्ती संमोहन करणाऱ्यात नसून माणसाच्या स्वतःच्या मनात असते असं मांडलं.

आता पूर्वेकडे, म्हणजे नदीकडे पाहताना उजवीकडे, टपाल कचेरीवरून सां तोमे आणि पुढे फोंतेनहासमध्ये शिरा. पिवळ्या, निळ्या, गेरूच्या रंगांची कौलारू घरं, छोटे सज्जे, खिडकीत तुळस नाही तर बोगनवेल. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर पावाची टोपली घेऊन भोंगा वाजवत जातो. ही माणसांची राहती घरं आहेत. लोकांच्या पायऱ्यांवर बसून, दाराला टेकून, खिडकीत डोकावून फोटो काढणाऱ्यांना इथले रहिवासी अक्षरशः कंटाळले आहेत, आणि काही घरांवर तशा पाट्याही लागल्या आहेत. हळू आवाजात बोला, रस्त्यावरून फोटो काढा, कुणी दारात असेल तर आधी विचारा. मोठ्या घोळक्याने जाऊ नका. टोकाला सेंट सेबॅस्टियनचं कपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, आहे. तिथला क्रूसावरचा ख्रिस्त उघड्या डोळ्यांचा आहे. तो पूर्वी जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मविरोधकांवर खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, वाड्यात होता.

फोंतेनहासच्या पुढे मळा लागतो. तिथे टेकडीच्या उतारावर मारुतीचं देऊळ आहे. पायऱ्या चढायला थोड्या आहेत, पण वरून फोंतेनहासची कौलं आणि खाडी दिसते, आणि सकाळी तिथे छान वारा असतो.

एव्हाना अकरा वाजलेले असतात. ऊन लागत असेल तर परत फिरा. पणजीत दुपारी एकपासून तीन-साडेतीनपर्यंत बरीच दुकानं बंद असतात आणि रस्ते ओस पडतात. या वेळेशी भांडू नका. माशांचं जेवण जेवा, खोलीवर जाऊन आडवे व्हा, चारला पुन्हा बाहेर पडा. संध्याकाळी नदीकाठाने कला अकादमीपर्यंत चालायचं. वास्तुशिल्पकार चार्ल्स कोरियांनी रचलेली ही वास्तू नदीकडे मोकळी आहे. दम असेल तर तसंच पुढे मिरामारला. चर्चपासून मिरामार सुमारे तीन किलोमीटर आहे, येताना बस धरा.

पायलट, टॅक्सी आणि भाड्याची दुचाकी

एकट्या माणसाला पणजीत सर्वांत सोयीचं वाहन म्हणजे मोटरसायकल पायलट. पुढचा मडगार्ड पिवळा असलेली मोटरसायकल आणि ठरलेले थांबे, बाजाराजवळ, बसस्थानकापाशी, चर्चच्या परिसरात. हे परवाना असलेले लोक आहेत आणि शहराची गल्ली न् गल्ली त्यांना पाठ असते. बसायच्या आधी भाडं ठरवा. पाठीवरची एक पिशवी चालते, मोठी बॅग असेल तर टॅक्सीच बघा. आल्तिनोवर चढायचं असेल किंवा दोनापावलाहून संध्याकाळी उशिरा परतायचं असेल तर पायलटसारखं दुसरं काही नाही.

ओला-उबर इथे शोधू नका. गोवामाइल्स हे इथलं ॲप आहे, ते घरूनच मोबाइलवर घेऊन या. थांब्यावरच्या टॅक्सीशी दर आधीच बोलून घ्या.

भाड्याची दुचाकी पणजीत फिरायला लागत नाही. जुन्या भागातले बरेच रस्ते एकमार्गी आहेत आणि गाडी लावायला जागा शोधण्यातच वेळ जातो. किनाऱ्यांकडे दिवसभर हिंडायचं असेल तर जरूर घ्या, पण काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढरी पाटी म्हणजे कुणाची तरी घरची गाडी. ती भाड्याने देणं बेकायदा आहे आणि पोलिसांनी अडवलं की त्रास तुम्हालाच होतो. परवाना खिशात, हेल्मेट डोक्यावर.

नदीपलीकडे

पणजीच्या धक्क्यावरून समोर बेतीला फेरीबोट जाते. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. बोट सपाट, दोन्ही बाजूंनी उघडी. मोटरसायकली आणि गाड्या आधी आत घेतात, मग माणसं कडेच्या बाकांकडे सरकतात. काही मिनिटांचाच प्रवास, पण शहर पाण्यावरून पाहायला मिळतं. बेतीला उतरून नदीकाठाने पश्चिमेकडे तीनेक किलोमीटरवर रेइश मागूशचा किल्ला आहे. चालायचं नसेल तर वेरेंपर्यंत बस मिळते. किल्ला नीट दुरुस्त केलेला आहे आणि आत व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं लावलेली आहेत.

नदीची सफर करायची असेल तर सांता मोनिका धक्क्यावर जाऊन खिडकीवरच तिकीट काढा. बांदोडकर मार्गावर तिकिटं, पास, कॅसिनोची पत्रकं घेऊन मागे लागणारे बरेच भेटतात, त्यांना नम्रपणे नाही म्हणा आणि चालत राहा. कॅसिनोत २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही.

जुन्या गोव्याला अर्धा दिवस

सुमारे दहा किलोमीटर, कदंब स्थानकावरून बस. एक गोष्ट मात्र विचारून चढा: 'रायबंदरवरून जाता ना?' काही बस बाहेरच्या मोठ्या रस्त्याने जातात. रायबंदरचा रस्ता मांडवीला लागून आहे. त्याची सुरुवात होते ती पोंत द लिन्यारिस या बांधावरून. लिन्यारिसचा काउंट पोर्तुगीज व्हाइसरॉय असताना १६३० च्या दशकात दलदलीतून जवळजवळ तीन किलोमीटरचा हा दगडी बांध घातला गेला आणि आजही रोजची वाहतूक त्यावरूनच चालते. जाताना बसमध्ये डावीकडे बसा, नदी त्याच बाजूला असते.

जुन्या गोव्यात सगळं एकाच परिसरात आहे. बॉम जेझुस बासिलिका, समोर से कॅथेड्रल, शेजारी पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय, ते शुक्रवारी बंद असतं. गुडघे आणि खांदे झाकलेले कपडे घाला, देवळात जाताना घालतो तसेच. रविवारी सकाळी प्रार्थना असतात, म्हणून उशिरा जा किंवा वेगळा दिवस निवडा. वेळ उरला तर व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ नदीवर जा. तिथून दिवाडी बेटावर फेरी जाते.

कधी यावं, कधी जपून यावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम, पण नोव्हेंबरात इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, ८ डिसेंबरला चर्चचं फेस्त, म्हणजे वार्षिक सण, आणि पुढे कार्निव्हल-शिगमोच्या मिरवणुकांच्या दिवशी नदीकाठचा रस्ता वाहनांना बंद होतो. हे सोहळे पाहायलाच येणार असाल तर फार छान, फक्त खोली खूप आधी घ्या आणि त्या दिवशी चालायचीच तयारी ठेवा. फेस्ताच्या वेळी चर्चच्या आसपास फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, भरते. तिथे खाजें नावाची मिठाई, चणे, भांडी, कपडे, सगळं मिळतं.

पावसाळ्यात पणजी मला सर्वांत आवडते, पण भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की १८ जून रस्ता आणि मळ्याच्या सखल भागात पाणी साचतं. अशा दिवशी रबरी चपला घाला आणि बससाठी अर्धा तास जास्त धरा. रविवारी बाजार आणि बहुतेक दुकानं बंद असतात, काजू-कोकम घ्यायचं असेल तर शनिवारीच उरका.

परत निघताना

ट्रॅव्हल्सच्या गाड्या पाटोला, मांडवीच्या पुलाजवळच्या खासगी तळावरून सुटतात. कदंब आणि एसटीच्या गाड्या स्थानकातून. दोन्ही जवळजवळ असल्या तरी चढायची जागा वेगळी आहे, म्हणून तिकिटावर काय लिहिलं आहे ते दुपारीच पाहून ठेवा. काही कंपन्या पर्वरी किंवा म्हापशालाच चढवतात, मग पूल ओलांडून आधी तिकडे जावं लागतं. करमळीहून रात्रीची गाडी असेल तर स्टेशनपर्यंतची टॅक्सी दिवसाच सांगून ठेवा, त्या वेळी तिकडे बस मिळेल असं धरून चालू नका. दिवसा निघणार असाल तर जुन्या गोव्याची बस घेऊन, सामान हातात घेऊन निवांत जाता येतं.